गरिबी हटवण्याच्या बैठकीत गरीब कुठे आहे?

मार्च महिना जवळ आला की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महामंडळांच्या कर्जयोजनांचे मेसेज फिरू लागतात. लवकर अर्ज करा, जातीचा दाखला जोडा, शेवटची तारीख चुकवू नका. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, कळवा, मुंब्रा इथल्या वस्त्यांतली पोरे झेरॉक्सच्या दुकानावर रांगा लावतात. या सगळ्या मेसेजमध्ये एक बातमी मात्र कधीच नसते. या अर्जांवर निर्णय घेणारी समिती कोणत्या तारखेला बसणार आहे? तिच्यात कोण कोण आहे? मागच्या बैठकीत काय ठरले होते?

आपल्याला योजना माहीत असते, बैठक माहीत नसते. आणि सत्ता बैठकीत असते, योजनेच्या पत्रकात नसते.

गरिबी निर्मूलनासाठी राज्यभर काम करणाऱ्या संस्था, संघ, मंडळे आपल्याकडे शंभर वर्षांपासून आहेत. त्यांचा इतिहास आपण बहुतेक वेळा देणगी, वसतिगृह, अनुदान, लाभार्थी अशा शब्दांत वाचतो. तो इतिहास बैठकीतल्या खुर्चीच्या बाजूने वाचला पाहिजे. कारण आंबेडकरी चळवळीचे वेगळेपण तिथेच आहे. गरिबांसाठी काम करणारे बाबासाहेबांच्या आधीही होते. ते काम कोणाच्या हातात असावे, हा प्रश्न बाबासाहेबांनी ऐरणीवर आणला.

१९२४ : एका संस्थेतल्या दोन याद्या

९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी एक सभा बोलावली. अस्पृश्यांच्या अडचणी सरकारपुढे मांडण्यासाठी एक मध्यवर्ती संस्था असावी, हा विचार तिथे पुढे आला आणि २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली. कार्यक्षेत्र संपूर्ण मुंबई इलाखा. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचे तर राज्यव्यापी संस्था. उद्देश कोणते? वसतिगृहे काढून शिक्षणाचा प्रसार करणे, वाचनालये आणि अभ्यासवर्ग चालवणे, आर्थिक स्थिती सुधारण्यासाठी औद्योगिक व शेतकी शाळा काढणे आणि अस्पृश्यांच्या तक्रारींना वाचा फोडणे. पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह सुरू झाले.

हे सगळे आपण जयंतीच्या भाषणांत ऐकतो. पण या सभेची पदाधिकाऱ्यांची यादी नीट पाहिली आहे का? अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड. उपाध्यक्षांमध्ये डॉ. र. पु. परांजपे, मेयर निस्सिम, बाळ गंगाधर खेर अशी मंडळी. सगळे स्पृश्य, पारशी किंवा ज्यू, सगळे प्रतिष्ठित. ही झाली पहिली यादी. दुसरी यादी व्यवस्थापक मंडळाची. तिथे अध्यक्ष स्वतः डॉ. आंबेडकर, चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर, खजिनदार निवृत्ती तुळशीराम जाधव.

पहिल्या यादीत वजन आहे, दुसऱ्या यादीत कारभार आहे. सरकारदरबारी अर्ज करायला, देणगी मागायला मोठी नावे हवीत हे बाबासाहेबांना कळत होते. त्यांनी ती घेतली. मात्र इतिवृत्त लिहिणारा, पैशाचा हिशेब ठेवणारा आणि बैठक बोलावणारा माणूस बहिष्कृत समाजातलाच ठेवला.

त्याआधी १९०६ मध्ये महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले होते. महर्षी शिंद्यांच्या कष्टांबद्दल, अस्पृश्य वस्तीत जाऊन राहण्याच्या त्यांच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण त्या मिशनची सूत्रे सर नारायण चंदावरकरांसारख्या उच्चवर्णीय सुधारकांकडे होती. चांगल्या माणसांनी चालवलेली संस्था आणि पीडितांनी चालवलेली संस्था यांत फरक असतो. तो मनाच्या चांगुलपणाचा नसून संरचनेचा असतो. चांगला माणूस बदलला, थकला, निघून गेला की पहिली संस्था बदलते. दुसरीत काम करता करता माणसे तयार होतात.

याच सभेच्या प्रेरणेने ठिकठिकाणी जिल्हा परिषदा भरू लागल्या. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला जी परिषद झाली ती कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद होती. चवदार तळ्याकडे गेलेले लोक आधी परिषदेत बसले होते, त्यांनी ठराव ऐकले होते, मंजूर केले होते. ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' सुरू झाले आणि सभा-परिषदांच्या बातम्या गावोगाव पोहोचू लागल्या. आपले वर्तमानपत्र असावे हा आग्रह केवळ विचार छापण्यासाठी नव्हता. बैठक कुठे आहे आणि तिथे काय ठरले, हे शेवटच्या माणसाला कळावे यासाठीही होता.

१९३२ : 'एजन्सी'चा प्रश्न

२४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला. त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी, ३० सप्टेंबरला, मुंबईत पंडित मालवीयांच्या अध्यक्षतेखाली सभा होऊन अखिल भारतीय अस्पृश्यता निवारण संघ स्थापन झाला. हाच पुढचा हरिजन सेवक संघ. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, सचिव अमृतलाल ठक्कर म्हणजे ठक्कर बाप्पा. सुरुवातीच्या मध्यवर्ती मंडळात बाबासाहेबांचेही नाव होते.

नोव्हेंबर १९३२ मध्ये तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला जाताना बाबासाहेबांनी बोटीवरून ठक्कर बाप्पांना सविस्तर पत्र लिहिले. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे पत्र पाठ्यपुस्तकासारखे वाचावे. त्यात ते सांगतात की दलितांच्या उन्नतीकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. एक दृष्टी मानते की माणूस गरीब आहे कारण त्याच्यातच काही खोट आहे. म्हणून त्याला दारू सोडायला लावा, व्यायामशाळा काढा, वाचनालय काढा, तो सुधारेल. दुसरी दृष्टी मानते की माणसाचे भवितव्य त्याच्या परिस्थितीने घडते. म्हणून परिस्थितीवर घाव घाला. संघाने दुसरा मार्ग घ्यावा, विहीर, शाळा, चावडी अशा नागरी हक्कांसाठी मोहीम काढावी, नोकरी-धंद्यात समान संधीसाठी झगडावे, सामाजिक मिसळण घडवावी, असे त्यांनी सुचवले.

आणि मग पत्रात येतो तो मुद्दा, जो आजच्या लेखाचा गाभा आहे. हे काम करण्यासाठी कोणती 'एजन्सी' वापरणार? म्हणजे कार्यकर्ते कोण असणार? बाबासाहेबांचे म्हणणे असे की हे काम दलित वर्गातल्याच कार्यकर्त्यांकडे सोपवावे, कारण पोटापाण्यासाठी समाजसेवा करणारा आणि आपल्या माणसांसाठी जिवाचे रान करणारा यांत अंतर असते.

या पत्राची साधी पोचही बाबासाहेबांना मिळाली नाही. पुढे ते संघातून बाहेर पडले. संघाच्या कारभारात अस्पृश्यांना स्थान असावे अशी मागणी घेऊन काही शिष्टमंडळे गांधीजींना भेटली, तेव्हा उत्तर मिळाले की हे काम सवर्ण हिंदूंचे प्रायश्चित्त आहे, पैसाही हिंदूंचा आहे, म्हणून संस्था हिंदूंनीच चालवायची. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात या भूमिकेचा कठोर समाचार घेतला आहे.

प्रायश्चित्ताची भाषा ऐकायला नम्र वाटते. पण विचार करा मित्रांनो, प्रायश्चित्त घेणारा माणूस त्या गोष्टीचा नायक असतो. ज्याच्यावर अन्याय झाला तो फक्त निमित्त उरतो. आज 'लाभार्थी' हा शब्द सरकारी कागदावर जिथे जिथे येतो, तिथे तीच रचना नव्या नावाने उभी असते. देणारा कर्ता आणि घेणारा कर्म. इंग्रजीत एजन्सी या शब्दाचे दोन अर्थ होतात, काम करणारी संस्था आणि माणसाचे कर्तेपण. बाबासाहेबांनी एकाच प्रश्नात दोन्ही अर्थ पकडले होते.

ठाणे जिल्ह्याने काय पाहिले

आपला ठाणे जिल्हा या इतिहासाच्या कडेला उभा नव्हता. मे १९२७ मध्ये बाबासाहेब बदलापूरच्या शिवजयंती उत्सवाचे अध्यक्ष होते. येवल्याच्या घोषणेनंतर मे १९३६ मध्ये त्यांनी कल्याणला जिल्ह्यातल्या समाजबांधवांच्या सभेत धर्मांतराची भूमिका मांडली. १५ ऑगस्ट १९३६ ला स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला आणि गरिबीचा प्रश्न उघडपणे जमिनीच्या व मजुरीच्या प्रश्नाशी जोडला गेला.

१७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोतीचा विळखा रत्नागिरी, कुलाबा आणि ठाणे जिल्ह्याच्या काही भागांत होता. त्या वेळी मुंबई प्रांताचे पंतप्रधान कोण होते? बाळ गंगाधर खेर. होय, तेच खेर, जे १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेचे उपाध्यक्ष होते. विधेयक पुढे सरकेना. शेवटी १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. त्यात महार होते, तसेच कुणबीही होते.

इथे थांबून हिशेब करा. सभेच्या कामाला सहानुभूती असलेला माणूस सर्वोच्च खुर्चीवर बसला होता, तरी रस्त्यावर उतरावे लागले. सहानुभूती बैठकीत मत देत नाही. खोती कायद्याने नष्ट व्हायला १९४९ साल उजाडावे लागले.

दुसरे उदाहरण आपल्या दारातले आहे. जानेवारी १९४५ मध्ये कल्याण तालुक्यातल्या टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेचे पहिले राज्य अधिवेशन भरले. त्यामागे शामराव परुळेकर आणि गोदावरी परुळेकर होते. शामराव हे पूर्वी स्वतंत्र मजूर पक्षाकडून विधिमंडळात गेलेले. या अधिवेशनाला उंबरगाव-डहाणू भागातले मोजकेच वारली आले होते. जमीनदाराच्या वेठीला जुंपलेल्या या माणसांनी पहिल्यांदा पाहिले की आपल्यासारखे लोक सभेत उभे राहून बोलतात. ते परत गेले, गावोगाव बोलले आणि त्याच वर्षी मे महिन्यात झरी गावी वारल्यांची मोठी परिषद झाली. वेठबिगार बंद करण्याचा उठाव तिथून पेटला. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा सगळा प्रवास आहे.

कम्युनिस्ट चळवळीशी आपले मतभेद आहेत, ते राहतील. पण टिटवाळ्याचा धडा आपलाच आहे. वारल्यांना कोणी अनुदान वाटले नव्हते. त्यांना एका बैठकीचे आमंत्रण मिळाले होते.

१९६४ : दोन देश, एक प्रश्न

२० ऑगस्ट १९६४ ला अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी आर्थिक संधी कायद्यावर सही केली. 'गरिबीविरुद्ध युद्ध' अशी त्यांची घोषणा होती. या कायद्याने गावोगाव कम्युनिटी अ‍ॅक्शन एजन्सी उभ्या राहिल्या. कायद्यात एक विलक्षण अट होती, की त्या भागातल्या गरिबांचा शक्य तितका जास्तीत जास्त सहभाग हवा. कृष्णवर्णीय वस्त्यांतले लोक खरोखरच मंडळांवर येऊन बसू लागले, महापालिकेला जाब विचारू लागले, तेव्हा मोठ्या शहरांचे महापौर बिथरले. १९६७ च्या दुरुस्तीने स्थानिक सरकारांचा हात वर झाला. तरीही एक गोष्ट टिकली. मंडळात एक तृतीयांश लोकप्रतिनिधी असतील, तर किमान एक तृतीयांश जागा गरिबांनी लोकशाही पद्धतीने निवडलेल्या प्रतिनिधींच्या असतील. आज तिथे अशा सुमारे हजार एजन्सी आहेत. राज्याराज्यांत त्यांचे संघ आहेत आणि ते आपल्या बैठकांच्या तारखा जाहीर करतात. अमेरिकेतली गरिबी संपली असे कोणी म्हणणार नाही. पण गरिबाची खुर्ची तिथे कायद्यात लिहिलेली आहे.

त्याच वर्षी, १ ऑक्टोबर १९६४ ला, रिपब्लिकन पक्षाने दिल्लीत संसदेवर मोर्चा नेला आणि पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांची सनद दिली. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, ही त्यातली प्रमुख मागणी. ६ डिसेंबर १९६४ पासून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला आणि लाखो लोक तुरुंगात गेले. आमच्या आजोबांच्या पिढीतल्या अनेकांनी तुरुंगाचे तोंड पहिल्यांदा तेव्हाच पाहिले.

त्या सत्याग्रहाचे पुढे काय झाले? २००४ मध्ये राज्य सरकारने दादासाहेबांच्या नावाने सबळीकरण व स्वाभिमान योजना काढली. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन. २०१८ पासून ती पूर्ण अनुदानावर आली, पण खरेदीसाठी जिरायतीला एकरी ५ लाख आणि बागायतीला एकरी ८ लाखांची मर्यादा ठरली. आता कल्याण किंवा भिवंडी तालुक्यात या दराने एकरभर जमीन कोण विकणार? हा प्रश्न एखाद्या भूमिहीन माणसाने बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत विचारला असता. पण दर ठरतात मंत्रालयात, निवड होते जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीत, आणि भूमिहीन माणूस बाहेर बाकड्यावर असतो. नाव सत्याग्रहीचे, रचना लाभार्थीची.

महामंडळ नावाची खोली

१० जुलै १९७८ ला महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ कंपनी कायद्याखाली स्थापन झाले. भागभांडवलात राज्याचा वाटा ५१ टक्के, केंद्राचा ४९ टक्के. ज्यांच्यासाठी ते काढले त्यांचा भागभांडवलात वाटा शून्य, म्हणून संचालक मंडळ निवडण्यात वाटाही शून्य. बीजभांडवल योजनेचे गणित पाहा. प्रकल्पाच्या रकमेत महामंडळाचे २० टक्के, अर्जदाराचे ५ टक्के आणि बँकेचे ७५ टक्के. म्हणजे निवड समितीने मंजुरी दिली तरी खरा निर्णय बँकेच्या शाखेत होतो. तिथे जामीनदार, दुकानाचा करारनामा, जुने कर्ज असे एकेक कारण पुढे येते. वस्तीत काम करताना आम्ही हे नेहमी पाहतो. समितीची मंजुरी हातात असलेला मुलगा बँकेच्या पायऱ्या झिजवत राहतो आणि शेवटी महिन्याला दहा टक्क्यांनी खासगी कर्ज काढतो.

अनुसूचित जाती उपयोजनेची गोष्ट वेगळी नाही. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी राखून ठेवण्याचे धोरण १९७९-८० पासूनचे. आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या राज्यांनी २०१३ मध्ये त्यासाठी कायदे केले. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्रात मात्र निधी आजवर धोरणाच्या भरवशावर राहिला. त्याचा परिणाम २०२५ मध्ये दिसला. लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी रुपये वळवले गेले आणि खुद्द खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. जिथे मंत्र्यालाच नाराजी व्यक्त करण्यावर थांबावे लागते, तिथे अर्जदाराची काय कथा?

'आपला माणूस' पुरेसा आहे का?

इथे कोणी म्हणेल, समितीत आपला माणूस बसवून काय होते? अण्णाभाऊ साठे महामंडळावर मागासवर्गातलाच अध्यक्ष होता ना? गैरव्यवहाराच्या आरोपावरून त्याला २०१५ मध्ये अटक झाली.

आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर पुणे कराराच्या वादातच आहे. बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ का मागितले होते? अस्पृश्य जातीत जन्मलेला माणूस सभागृहात असावा एवढीच मागणी असती, तर राखीव जागांवर त्यांचे समाधान झाले असते. त्यांचा प्रश्न होता, त्याला निवडणार कोण आणि तो बांधील कोणाला राहणार? जो वरून नेमला जातो तो वर पाहतो. जो खालून निवडला जातो त्याला खाली उत्तर द्यावे लागते. महामंडळाचा अध्यक्ष सत्ताधारी पक्ष नेमतो, सरकार बदलले की तो बदलतो. तो जातीने आपला असेल, प्रतिनिधी म्हणून आपला नसतो. त्यामुळे नुसता 'आपला माणूस' मागणे ही अर्धी मागणी आहे. निवडलेला, मुदतीने बांधलेला आणि वस्तीपुढे हिशेब देणारा माणूस मागणे ही पूर्ण मागणी आहे.

आता करायचे काय

पहिले काम उद्यापासून करता येते. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४(१)(ख) नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपली मंडळे, परिषदा, समित्या कोणत्या, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि त्यांची इतिवृत्ते लोकांना पाहता येतात का, हे स्वतःहून जाहीर करायचे असते. ठाणे जिल्ह्यातल्या महामंडळांच्या कार्यालयांकडे, समाजकल्याण कार्यालयाकडे आणि आपापल्या महापालिकेकडे अर्ज करून ही माहिती मागा. गेल्या तीन वर्षांत किती बैठका झाल्या, किती अर्ज आले, किती मंजूर झाले, बँकेने किती परत पाठवले, हे कागदावर घ्या.

दुसरे काम विहारातले. आपल्या प्रत्येक विहारात फळा आहे. त्यावर वर्षावासाच्या कार्यक्रमाशेजारी प्रभाग समिती, महामंडळाची निवड समिती, महापालिकेची महिला व बालकल्याण समिती यांच्या येत्या बैठकांच्या तारखा लिहा. बैठक झाली की काय ठरले ते लिहा. 'बहिष्कृत भारत' हेच काम करत होते.

तिसरे काम लांबचे आहे. बचत गट, वस्ती संघ, घरकामगार, सफाई कामगार आणि कर्ज अडलेले तरुण यांचा तालुका, जिल्हा आणि मग राज्य पातळीवर संघ बांधावा लागेल. त्याच्या दोनच मागण्या असाव्यात. उपयोजनेचा कायदा करा आणि प्रत्येक गरिबी निर्मूलन समितीत व महामंडळात किमान एक तृतीयांश जागा लाभधारकांनी निवडलेल्या प्रतिनिधींना द्या. पक्षांचे गट या कामात आड येतील. येऊ द्या. कर्ज अडलेल्या मुलाला बँकेत कोणीही त्याचा गट विचारत नाही.

सभेने शंभर वर्षांपूर्वी तीन शब्दांचे ब्रीद स्वीकारले होते, शिकवा, चेतवा, संघटित करा. तिन्ही क्रियापदांचा कर्ता आपण आहोत. लाभार्थी हा शब्द त्या ब्रीदात कुठेही बसत नाही.

पुढची बैठक कधी आहे, ते आधी शोधून काढा.

जय भीम.